ड्रॅगन चालतो, मग बाई कप्तान का चालत नाही? रोलप्लेइंग गेममधलं 'वास्तव' आणि आपला संशोधन-प्रश्न

"गेम खेळण्यावर पीएचडी होते का?" हा प्रश्न मला नातेवाईकांपासून पेटची तयारी करणाऱ्या ज्युनिअर्सपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. होते. आज मी माझ्या विषयातला एकच मुद्दा समजावून सांगणार आहे: टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये (पुढे नुसतं 'आरपीजी' म्हणूया) काल्पनिक विश्व उभं करताना वास्तव आणि अद्भुत यांचा मेळ कसा घालतात. तुमचा विषय अगदी वेगळा असला तरी शेवटपर्यंत वाचा, कारण 'वास्तव'सारखा ढिला शब्द संशोधनात कसा हाताळायचा, हे मी याच विषयात ठेच लागून शिकलो.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गेम मास्टर असतो, तो विश्व आणि प्रसंग सांगतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि "मी दार उघडतो", "मी त्या सावकाराशी बोलून बघते" असं तोंडी सांगत खेळतात. जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे फासे टाकायचे. पडदा नाही, ग्राफिक्स नाहीत. सगळं विश्व बोलण्यातून उभं राहतं.

त्या रविवारी काय झालं

एमएच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी दर रविवारी मित्राच्या फ्लॅटवर गेम चालवायचो. विश्व मीच रचलेलं, युरोपातल्या मध्ययुगासारखं: किल्ले, सरदार, बाजारपेठा. आमच्यातला एक जण ड्रॅगनच्या वंशातला, तोंडातून आग ओकणारा योद्धा होता. दुसरा मंत्र टाकून अदृश्य व्हायचा. नवीन आलेली एक मैत्रीण म्हणाली, "मी नगराच्या वेशीवरच्या पहारेकऱ्यांची कप्तान होते."

लगेच एक जण म्हणाला, "अगं, त्या काळात बायका कप्तान नव्हत्या. रिअलिस्टिक वाटत नाही ते." दुसऱ्याने मान डोलावली. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि मी निकाल दिला: "बरोबर आहे. तू कप्तानाची बहीण हो ना, तेही छान पात्र आहे."

ती दोन रविवार आली. नंतर परीक्षा आहे म्हणाली. परीक्षा संपल्यावरही आली नाही.

बऱ्याच दिवसांनी माझ्या डोक्यात आलं की 'त्या काळात' म्हणजे कोणत्या काळात? ते राज्य मी महिनाभरापूर्वी वहीत काढलं होतं. त्याला ना सन होता ना इतिहास. आणि आग ओकणाऱ्या माणसाला 'रिअलिस्टिक वाटत नाही' असं कोणी एकदाही म्हटलं नव्हतं.

पुढे मी सिनॉप्सिस लिहिला. शीर्षक होतं 'टेबलटॉप आरपीजीमधील वास्तव आणि अद्भुत यांचा समतोल'. मॅडमनी 'समतोल'खाली पेन्सिलीने रेघ मारली आणि समासात लिहिलं: 'कशाने मोजणार?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. हा लेख म्हणजे त्या उत्तराकडे जायचा रस्ता आहे.

वाद एल्फ आणि ड्रॅगनच्याही आधीचा

१८२४ मध्ये प्रशियात फॉन राइसविट्झ या लष्करी अधिकाऱ्याने 'क्रीग्सश्पील' नावाच्या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. नकाशा, फासे, तक्ते आणि निवाडा करणारा एक पंच. हेतू गंभीर होता, अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण. पण तक्ते इतके किचकट की खेळ रेंगाळायचा. १८७६ मध्ये फेर्डी द्यू व्हेर्न्वा या अधिकाऱ्याने उलट मांडणी केली: तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंचाच्या अंदाजावर निकाल सोपवा. म्हणजे 'खऱ्यासारखं' व्हायला नियम हवेत की जाणकार माणूस, हा प्रश्न दीडशे वर्षं जुना आहे.

अमेरिकेत १९७१ मध्ये 'चेनमेल' हे मध्ययुगीन लढायांचं नियमपुस्तक आलं. त्याला शेवटी एक काल्पनिक पुरवणी जोडली होती, चेटके आणि ड्रॅगनवाली. त्यातून आणि डेव्ह आर्नेसनच्या 'ब्लॅकमूर' या खेळातून १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (पुढे 'डीअँडडी') जन्माला आला. गॅरी गायगॅक्स आणि आर्नेसन हे त्याचे कर्ते. म्हणजे या माध्यमाचा पायाच जोडकामाचा आहे: खाली लष्करी हिशोब, वर परीकथा.

१९७५ मध्ये सुरू झालेल्या 'अलारम्स अँड एक्सकर्शन्स'सारख्या हौशी पत्रिकांमध्ये खेळाडू 'हे खऱ्यासारखं नाही' यावर पानंच्या पानं भांडत असत. जॉन पीटरसन या इतिहासकाराने 'द इल्यूसिव्ह शिफ्ट' (२०२०) या पुस्तकात त्या काळातल्या वादांचा मागोवा घेतलाय. ज्यांना वाटतं की लोकप्रिय संस्कृतीला दस्तऐवज नसतात, त्यांनी हे पुस्तक जरूर चाळावं.

शंभर फुटांची उडी

आता एक छोटा हिशोब करू. डीअँडडीच्या २०१४ च्या आवृत्तीत पडण्याचा नियम असा: दर १० फुटांना एक सहा-बाजूंचा फासा, आणि जेवढे आकडे पडतील तेवढे 'हिट पॉइंट्स' कमी. शंभर फुटांवरून पडलात तर दहा फासे. सरासरी ३५, जास्तीत जास्त ६०. दहाव्या पातळीच्या योद्ध्याकडे साधारण ८० हिट पॉइंट्स असतात. म्हणजे तो दहा मजली इमारतीवरून उडी मारून, कपडे झटकून चालायला लागू शकतो. कायम. शंभर टक्के.

यावर कोणत्याही टेबलावर वाद होतो. गायगॅक्सने १९७९ च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये याचं स्पष्टीकरण देऊन ठेवलंय: हिट पॉइंट्स म्हणजे नुसतं हाडामांसाचं शरीर नव्हे, त्यात कौशल्य, नशीब, दैवी कृपा असं सगळं धरलंय. त्याच पुस्तकात तो खेळकर्त्यांच्या दोन परंपरा सांगतो, एक वास्तवाची नक्कल करणारी आणि दुसरी खेळाला प्राधान्य देणारी, आणि आपला खेळ दुसऱ्या परंपरेतला म्हणून मोकळा होतो.

१९७८ च्या 'रूनक्वेस्ट'ने वेगळी वाट धरली. त्याच्या कर्त्यांपैकी स्टीव्ह पेरिन हा चिलखत घालून, वेताच्या तलवारींनी मध्ययुगीन लढती खेळणाऱ्या मंडळींतला होता. साहजिकच इथे वार नेमका हाताला लागला की पायाला, हे फासे ठरवतात, आणि कितीही अनुभवी योद्धा एका चांगल्या घावात आडवा होऊ शकतो. आता गंमत बघा. हा खेळ ज्या 'ग्लोरँथा' नावाच्या विश्वात घडतो, ते ग्रेग स्टॅफर्डने रचलेलं विश्व आपल्यासारखं गोल नाहीच. तिथे सूर्य म्हणजे खरोखर एक देव आहे आणि पुराणकथा हाच तिथला इतिहास आहे.

मग सांगा, ग्लोरँथा 'जास्त वास्तववादी' की 'कमी'? तलवारीच्या बाबतीत जास्त, आकाशाच्या बाबतीत शून्य. माझा 'समतोल' हा शब्द इथेच कोसळला. वास्तव आणि अद्भुत या तराजूच्या दोन पारड्या नाहीत, की एकीत टाकलं की दुसरी वर जाईल. जखमा, पैसा, समाज, निसर्गनियम, देव अशी अनेक खाती आहेत, आणि प्रत्येक खेळ कोणत्या खात्यात सूट घ्यायची ते वेगवेगळं ठरवतो. मोजायचंच असेल तर 'किती' नको, 'कुठे' विचारा.

पिंपळावरचा मुंजा आणि किमान फारकत

'कुठे' विचारायला मला एक सिद्धान्त सापडला. मारी-लॉर रायन या कथनशास्त्राच्या अभ्यासक. त्यांनी १९८० च्या एका शोधनिबंधात एक तत्त्व मांडलं, त्याला मी मराठीत 'किमान फारकतीचं तत्त्व' म्हणतो. कल्पना साधी आहे. काल्पनिक गोष्ट ऐकताना आपण तिचं विश्व आपल्या जगासारखंच धरून चालतो. गोष्टीने जिथे स्पष्ट फारकत घेतली असेल, तेवढीच दुरुस्ती करतो.

उदाहरण घ्या. मी सांगितलं, "कोकणातलं एक गाव आहे, आणि तिथल्या पिंपळावर खरोखरच एक मुंजा राहतो." बाकी काहीच सांगितलं नाही. तरी तुमच्या डोळ्यांसमोर विहीर आली, देऊळ आलं, पावसाळ्यातली चिखलाची वाट आली. पाणी उताराकडेच वाहतंय, माणसांना भूक लागतेच आहे. मी फक्त एक फारकत सांगितली, बाकीचं गाव तुम्ही आपलं आपण भरलंत. एवढंच नाही, मुंजाचे नियमही तुम्ही आणलेत: मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा, पिंपळ सोडत नाही वगैरे. ते तर आपल्या जगाचं 'वास्तव' नाही, ते लोककथेचं ज्ञान आहे. म्हणजे श्रोता रिकाम्या जागा भरतो त्या दोन साठ्यांतून: जगाबद्दलची माहिती आणि आधी ऐकलेल्या गोष्टी.

कादंबरीत याने फारसं बिघडत नाही, कारण पुढचं वाक्य लेखकच लिहिणार असतो. आरपीजीत मात्र पाच जण एकाच वेळी रिकाम्या जागा भरत असतात आणि त्या भरलेल्या जागांवर विसंबून निर्णय घेत असतात. "आपण नदीतून पोहत जाऊ" असं खेळाडू म्हणतो, कारण नदी नदीसारखी वागेल असं त्याने धरलंय. गेम मास्टरच्या मनातली नदी वेगळी निघाली तर त्याचं पात्र मरतं आणि त्याला फसवल्यासारखं वाटतं. म्हणून आरपीजीत वास्तवाचं काम सजावटीचं नाही, ते नियोजनाचं आहे. 'मी असं केलं तर काय होईल' याचा अंदाज बांधता आला तरच खेळाडूच्या निवडीला अर्थ राहतो.

एका मंत्राने वेढा मोडतो

फारकत घेतली की तिचे परिणाम मागोमाग येतात. पुन्हा हिशोबच करू. डीअँडडीच्या २०१४ च्या आवृत्तीत अन्नपाणी निर्माण करणारा एक मंत्र आहे. एकदा टाकला की १५ माणसांचं एका दिवसाचं भागतं. पाचव्या पातळीचा पुजारी तो दिवसातून दोनदा टाकू शकतो. म्हणजे दोन पुजारी रोज ६० माणसं जेवू घालतील, अगदी वर्षानुवर्षं. आता ६० शिबंदीच्या किल्ल्याला वेढा घालून उपयोग काय? वेढा चालतो तो कोठार संपतं म्हणून. इथे कोठारच संपत नाही. मग किल्ले, दुष्काळ, धान्याचे भाव, शेतसारा, हे सगळं मध्ययुगासारखं का राहिलं?

बहुतेक विश्वं हा प्रश्न विचारतच नाहीत, आणि अनेक टेबलांना त्याने काही अडतही नाही. पण ज्यांनी विचारला त्यांनी दिलेली तीन उत्तरं अभ्यासण्यासारखी आहेत.

पहिलं उत्तर, जादू दुर्मीळ करा. रॉबिन क्रॉस्बीचं 'हार्न' (१९८३) हे बेट बघा. तिथे लक्ष जमीनदारी, वेठ, बाजारभाव, सरंजामी देणी यांच्यावर आहे. पुढे १९८६ मध्ये आलेल्या त्याच्या नियमपुस्तकात हिट पॉइंट्सच नाहीत. जखमा आहेत, आणि त्या चिघळतात. लढाईतून वाचलेला माणूस आठवड्याभराने तापाने जाऊ शकतो.

दुसरं उत्तर, परिणाम शेवटपर्यंत नेऊन दाखवा. किथ बेकरच्या 'एबेरॉन' (२००४) मध्ये जादू हाच उद्योग आहे. जादूच्या शक्तीवर धावणारी आगगाडी, आकाशात जहाजं, मंत्रांचे परवाने राखून असलेली व्यापारी घराणी. जादू भरपूर असूनही विश्व पटतं, कारण तिचा अर्थव्यवस्थेवर परिणाम झालेला दिसतो.

तिसरं उत्तर मला सगळ्यांत आवडतं. जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन यांच्या 'आर्स मॅजिका' (१९८७) मध्ये खेळ तेराव्या शतकाच्या आसपासच्या युरोपातच घडतो, पण तेव्हाचे लोक जे खरं मानत होते ते तिथे खरं आहे. सैतान आहे, पऱ्या आहेत, आजार शरीरातल्या द्रवांचं संतुलन बिघडल्याने होतात. ही फारकत आहे की वास्तवाशी इमान? आपल्या भौतिकशास्त्राशी फारकत, तेव्हाच्या मनोविश्वाशी इमान. इथे अद्भुत रचायलाच इतिहासाचा अभ्यास लागतो.

टॉल्किनने १९३९ च्या परीकथांवरील व्याख्यानात यासारखाच मुद्दा मांडला होता: दुय्यम विश्वावर विश्वास बसतो तो त्याच्या अंतर्गत सुसंगतीमुळे. म्हणून संशोधन करताना हे दोन शब्द वेगळे ठेवा. 'वास्तववादी' म्हणजे आपल्या जगासारखं. 'सुसंगत' म्हणजे स्वतःच्या नियमांना धरून. खेळाडू तक्रार करतात "हे रिअलिस्टिक नाही" अशी, पण पुष्कळदा त्यांना म्हणायचं असतं "हे सुसंगत नाही".

आणि पुष्कळदा तिसरंच काही

आता परत माझ्या टेबलावर येऊ. मैत्रिणीच्या कप्तानाने सुसंगतीही मोडत नव्हती. त्या राज्यात बायकांनी काय करावं याचा नियम मी लिहिलेलाच नव्हता. मग ती हरकत आली कुठून?

इथे गॅरी ॲलन फाइन या समाजशास्त्रज्ञाचं 'शेअर्ड फँटसी' (१९८३) कामाला आलं. फाइनने खेळाडूंमध्ये बसून, स्वतः खेळून त्यांचा अभ्यास केला. गॉफमनची चौकटींची कल्पना वापरून तो दाखवतो की टेबलावरचा माणूस एकाच वेळी तीन चौकटींत असतो: खऱ्या जगातला माणूस, नियम जाणणारा खेळाडू आणि काल्पनिक विश्वातलं पात्र. "त्या काळात बायका कप्तान नव्हत्या" हे वाक्य ऐकायला काल्पनिक विश्वाबद्दलचं वाटतं. प्रत्यक्षात ते पहिल्या चौकटीतून, बोलणाऱ्याच्या स्वतःच्या समजुतीतून आलेलं असतं. रिकामी जागा भरली गेली, पण इतिहास वाचून नाही, तर सवयीने.

हा काही आमच्याच टेबलाचा दोष नव्हता. डीअँडडीच्या १९७८ च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये स्त्री-पात्रांच्या ताकदीला पुरुषांपेक्षा खालची कमाल मर्यादा छापलेली होती. म्हणजे दहा मजल्यांवरून उडी मारून चालायला लागणारा योद्धा चालतो, पण बाईची ताकद मात्र मोजून-मापून! १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती मर्यादा गेली. त्याने खेळ 'कमी वास्तव' झाला असं आज कोणी म्हणत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: काल्पनिक विश्वातलं वास्तव हे प्रमाण नाही, तो एक करार आहे. कुठे फारकत घ्यायची, तिचे परिणाम किती दूर न्यायचे आणि 'हे खरं वाटत नाही' असं म्हणण्याचा अधिकार कोणाला, या तीन कलमांचा. पहिल्या दोन कलमांवर खेळकर्ते भरपूर लिहितात. तिसरं टेबलावर, दोन सेकंदांत, न लिहिता ठरतं.

यातून तुमच्या सिनॉप्सिससाठी

मॅडमनी 'कशाने मोजणार?' विचारल्यावर माझा प्रश्न असा बदलला: 'खेळताना वास्तवाचा दाखला कोण देतं, कोणत्या विषयावर देतं आणि माघार कोण घेतं?' हे मोजता येतं. संमती घेऊन खेळाचं रेकॉर्डिंग करायचं, लिप्यंतर करायचं, "असं होऊच शकत नाही" छापाची वाक्यं शोधायची आणि प्रत्येकाला चौकट, विषय आणि निकाल अशा तीन खुणा लावायच्या. जोडीला नियमपुस्तकांच्या आवृत्त्या शेजारी ठेवून वाचायच्या: कोणत्या गोष्टीला तक्ता आहे आणि कोणती गृहीत धरली आहे.

करताना शिकलेल्या काही गोष्टी सांगून ठेवतो.

१. शीर्षकात 'समतोल', 'प्रभाव', 'वास्तव' असा शब्द असेल तर तो मोजायची किंवा ओळखायची रीत त्याच पानावर लिहा. जमत नसेल तर शब्द बदला.

२. खेळकर्त्याने प्रस्तावनेत लिहिलेला हेतू आणि लोक प्रत्यक्षात कसे खेळतात, हे दोन वेगळे पुरावे आहेत. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घेऊ नका.

३. आपण ज्या गटात आहोत त्याचाच अभ्यास करत असू तर आपली जागा उघड लिहा. कप्तानाचा निकाल मी दिला होता, हे माझ्या पहिल्या प्रकरणात आहे. ते वाचून समितीतल्या एका सरांनी विचारलं, "हे लिहायलाच हवं का?" मला वाटतं, हवंच.

४. एका टेबलावरून सगळ्या खेळाडूंबद्दल बोलू नका. माझा रविवारचा गट मला प्रश्न देऊन गेला. उत्तरासाठी दुसरे गट लागतात.

प्रबंध अजून लिहून व्हायचाय. मध्यंतरी मी त्या मैत्रिणीला फोन केला, तिची गोष्ट नाव न देता वापरू का हे विचारायला. ती म्हणाली, "वापर. पण एक लिही, मी परीक्षेमुळे सोडलं नव्हतं." लिहिलं. नवीन गट सुरू करतोय, ये म्हटलं, तर म्हणाली, "विश्व कोण रचणार?" मी म्हटलं, सगळे मिळून. "बघते," म्हणाली.

तुमच्या विषयातही असा एखादा शब्द असेल, जो सगळे वापरतात आणि कोणी उलगडून सांगत नाही. तो शोधा आणि खाली लिहा. पुढच्या लेखात आपण त्यातला एक घेऊन त्याचा संशोधन-प्रश्न करून बघू.